यंत्राला वाचा, वक्त्याला चिठ्ठी

भाषाविज्ञान शिकलेल्या माणसाला आपल्याकडे दोन कामं मिळतात. सोमवार ते शुक्रवार यंत्राला बोलतं करायचं आणि शनिवार-रविवार माणसांना गप्प करायचं. पहिल्या कामाचा पगार मिळतो, दुसऱ्याचं शाल-श्रीफळ. गेली बरीच वर्षं मी दोन्ही कामं करते आहे. त्यातलं अवघड कोणतं, असं कुणी विचारलंच तर उत्तर देण्याआधी मी आजूबाजूला कुणी अध्यक्ष बसलेत का, ते बघून घेते.

भाषाविज्ञानाला प्रवेश घेतला तेव्हा घरात जे व्हायचं ते झालं. 'म्हणजे तुला किती भाषा येतात?' हा प्रश्न या विषयाच्या प्रत्येक माणसाला आयुष्यभर पुरतो, तेव्हा त्यावर मी शाई खर्च करत नाही. आजीचा प्रश्न मात्र मुद्द्याचा होता. 'नोकरी पक्की असते का यात?' तिची समजूत काढायला मी तिला डेक्कन कॉलेजातल्या संस्कृत महाकोशाची हकिकत सांगितली. सुमित्र मंगेश कत्रे यांनी १९४८ साली हे काम सुरू केलं. वेदांपासूनचे ग्रंथ वाचून, एकेक शब्द कुठे कोणत्या अर्थानं आलाय ते चिठ्ठ्यांवर उतरवून घेतलं. चिठ्ठ्या भरल्या कोटीच्या घरात. कोश छापून यायला लागला १९७६ मध्ये. खंडांमागून खंड निघाले आणि गाडी अजून 'अ' या अक्षरावरच आहे.

आजीनं डोळे मिटून बोटांवर हिशेब केला. अ झाल्यावर आ, मग इ, ई, मग पुढची सगळी बाराखडी, आणि पार शेवटी ज्ञ. 'म्हणजे तुझ्या पेन्शनीपर्यंत चिंता नाही,' ती म्हणाली. 'तुझ्या नातवंडांनाही चिकटवता येईल.' आजीचं अख्खं माहेर रेल्वेत होतं, पण इतकी पक्की नोकरी त्यांच्यातही कुणाची नव्हती.

मी मात्र कोशाकडे न जाता कंपनीत गेले. आजीनं ते शेवटपर्यंत मनाला लावून घेतलं.

सोसायटीच्या दृष्टीनं मी कंपनीतही नव्हते आणि कोशातही नव्हते. मी शुद्धलेखनवाली होते. मराठी लेखनाचे चौदा नियम १९६२ साली ठरले, १९७२ साली त्यात आणखी चारांची भर पडली, आणि हे अठराच्या अठरा नियम माझ्या घरात गॅसच्या पुस्तकाशेजारी ठेवलेले असणार, याबद्दल सेक्रेटरीकाकांच्या मनात शंका नव्हती. 'उद्या पाणि येणार नाहि' अशी नोटीस घेऊन ते दारात उभे राहिले. 'जरा ऱ्हस्व-दीर्घ बघून दे गं.' मी म्हटलं, 'काका, सगळ्यांना कळलं ना? सगळ्यांनी बादल्या भरल्या ना? मग भाषेचं काम झालं. लोक जसं बोलतात-लिहितात त्याची आम्ही फक्त नोंद घेतो, चूक काढत नाही.' 'बिनधास्त सिगारेट ओढा' म्हणणाऱ्या डॉक्टरकडे बघावं, तसं काका माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी स्वतःच लाल पेनानं दोन वेलांट्या दुरुस्त केल्या आणि खाली लिहिलं, 'भाषातज्ज्ञांकडून तपासून घेतले.'

कंपनीतला प्रकार वेगळा. तिथे माझं नेमकं काय करायचं, हे कंपनीलाच दर दोन वर्षांनी नव्यानं ठरवावं लागायचं. त्यामुळे कार्डावर आधी 'लोकलायझेशन', मग 'लँग्वेज स्पेशालिस्ट', मग 'ॲनॉटेशन लीड', मग 'कॉन्व्हर्सेशन डिझायनर' असं येत गेलं. टेबल तेच, खुर्ची तीच. इंजिनिअर मंडळींना माझ्याबद्दल आदर होता. म्हणजे वाढदिवसाच्या केकवरचा मजकूर मला दाखवल्याशिवाय ते ऑर्डर देत नसत.

तसं बघितलं तर या धंद्यात आमच्या लोकांनी नाव काढलेलं आहे. पर्ल ही संगणकाची भाषा १९८७ साली ज्यानं केली तो लॅरी वॉल मुळात भाषाविज्ञानाचा विद्यार्थी. ज्या भाषेला लिपीच नाही अशी एखादी भाषा शोधून तिच्यासाठी लिपी तयार करायची, असा त्याचा आणि त्याच्या बायकोचा बेत होता. तो राहिला. त्याऐवजी त्यानं अशी भाषा केली की ज्यांना ती येत नाही त्यांना ती अजून लिपीच सापडलेली नाही अशी दिसते.

पण एका लॅरीमागे एक येलिनेकही असतोच. आयबीएममध्ये बोलणं ओळखणारी यंत्रं तयार करणाऱ्या गटाचे हे प्रमुख, फ्रेडरिक येलिनेक. एकेका भाषावैज्ञानिकाला नारळ दिला की यंत्राला बोलणं अधिक चांगलं कळायला लागतं, अशा अर्थाचं ते काहीसं बोलले म्हणतात. नेमके शब्द काय होते यावर वाद आहेत, पण आमच्या क्षेत्रातल्या प्रत्येक इंजिनिअरला हे वाक्य पाठ असतं आणि नव्या भाषावैज्ञानिकाच्या स्वागताला तो ते हमखास ऐकवतो. पुढे येलिनेक यांनी आपल्या एका भाषणाला 'माझे काही जिवलग मित्र भाषावैज्ञानिक आहेत' अशा अर्थाचं शीर्षक दिलं. नारळ दिल्यावर शाल देण्याची पद्धत अमेरिकेतही आहे, हे वाचून मला बरं वाटलं.

तर, माझं काम. बोलून चालणारी यंत्रं मराठीत आणायची होती आणि त्यात सर्वांत मोठी अडचण शब्दांची नव्हती, व्याकरणाची नव्हती. ती होती समोरच्याचं बोलणं संपलं कधी, हे कळण्याची. यंत्र तुमचा आवाज ऐकत असतं आणि तुम्ही थोडा वेळ गप्प बसलात की ते समजतं, झालं यांचं, आता माझी पाळी. हा 'थोडा वेळ' एका सेकंदाच्या आसपास असतो. घाईतल्या तरुण माणसाला तेवढाही जास्त वाटतो. आमच्या आजीसाठी मात्र तो श्वास घ्यायलाही पुरत नव्हता. घरी एक यंत्र चाचणीसाठी आणलं होतं. आजी त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली.

'अगं, ते गाणं लाव ना... ते नाही का...'

'माफ करा, मला समजलं नाही.'

'समजेल कसं? मी अजून सांगितलंय कुठं?'

ही तक्रार मी मीटिंगमध्ये मांडली. इंजिनिअर म्हणाले, थांबायची वेळ वाढवली तर बाकीच्या सगळ्यांना यंत्र मठ्ठ वाटेल. मी म्हटलं, कमी ठेवली तर सगळ्या आज्यांना ते उद्धट वाटेल. या एका आकड्यावर किती बैठका झाल्या, ते सांगण्यात अर्थ नाही. त्या बैठकांमध्ये कुणीही कुणालाही वाक्य पुरं करू देत नव्हतं, एवढी नोंद मी करून ठेवली आहे.

माणसांना हे जमतं कसं, हा प्रश्न आमच्या शास्त्रात जुना आहे. सॅक्स, शेग्लॉफ आणि जेफरसन या तिघांनी १९७४ मध्ये त्यावर एक मोठा निबंध लिहिला: माणसं बोलण्याच्या पाळ्या लावतात, एका वेळी एक जण बोलतो, आणि एकाचं संपत आलं हे दुसऱ्याला आधीच कळतं. २००९ मध्ये दहा भाषांतले संवाद मोजून पाहिले. प्रश्न संपणं आणि उत्तर सुरू होणं यांच्यात सरासरी सुमारे २०० मिलिसेकंदांचं अंतर निघालं. पापणी लवायच्या आत उत्तर. जपानी सर्वांत चटपटीत, डॅनिश सर्वांत सावकाश. त्या दहांमध्ये मराठी नव्हती. असती तर आकडा शून्याच्या खाली गेला असता. आमच्याकडे प्रश्न अर्धा असतानाच उत्तर येतं, आणि ते बहुधा दुसऱ्याच प्रश्नाचं असतं.

असो. यंत्राचं हे असं चाललेलं असतानाच फेब्रुवारी आला. सत्तावीस तारखेला कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, म्हणजे मराठी भाषा गौरव दिन. 'तू लिंग्विस्ट आहेस ना? मग तूच कर काहीतरी,' मॅनेजर म्हणाला. हे वाक्य माझ्या आयुष्यात इतकं दूरवर जाईल, असं वाटलं नव्हतं. ऑफिसचा कार्यक्रम केला. त्यावरून एका कॉलेजनं युनिकोडमधून मराठी टाइप करायची कार्यशाळा घ्यायला सांगितलं. तिथून वाचनालय, वाचनालयातून ज्येष्ठ नागरिक संघ. हल्ली आमच्या भागात चार माणसं एका विषयावर एका खोलीत जमायची असतील तर सतरंजीच्या आधी मला फोन येतो.

कार्यक्रमाचं पहिलं काम म्हणजे येणार कोण, हे ओळखणं. ग्रुपवर 'येणार का?' विचारलं की उत्तरं येतात: 'बघतो.' 'जमवतो.' 'प्रयत्न नक्की करतो.' 'तुम्ही बोलावलंत आणि आम्ही येणार नाही असं होईल का?' काही जण नुसते जोडलेले हात पाठवतात. त्याचा अर्थ 'येतो'पासून 'यातून मला वगळा'पर्यंत काहीही असू शकतो. ऑफिसात आम्ही अशा वाक्यांना लेबलं लावतो: होकार, नकार, संदिग्ध. दोन माणसांनी एकमेकांना न विचारता लेबलं लावायची आणि मग त्यांचं किती जुळलं हे मोजायचं. त्याचं एक माप आहे, जेकब कोहेन यांनी १९६० साली सुचवलेलं, त्याला कप्पा म्हणतात. नुसत्या योगायोगानं जेवढं जुळेल तेवढंच जुळलं तर कप्पा शून्य. मी आणि नवऱ्यानं एका कार्यक्रमाची सगळी उत्तरं अशी तपासली. कप्पा उणे आला. नाणं उडवून लग्न ठरवणाऱ्या जोडप्याचंही याहून बरं जुळलं असतं, असं नवरा म्हणाला. 'बघतो' हा त्याच्या मते सरळ होकार होता, कारण त्याच्या घरी नकार देताना माणसं आधी आजाराचं नाव घेतात. वड्यांची ऑर्डर शेवटी आम्ही आमच्या दोघांच्या सरासरीवर दिली.

निमंत्रणपत्रिका हे वेगळंच शास्त्र आहे. मजकूर मी युनिकोडमध्ये पाठवते. छपाईवाले दादा तो त्यांच्या जुन्या फाँटात उघडतात, तिथे त्याच्या चौकटी होतात, मग ते सगळं हातानं पुन्हा टाइप करतात. संगणकावरच्या मराठीसाठी माणसांनी पस्तीस-चाळीस वर्षं डोकं फोडलं; भारतीय लिप्यांची प्रमाणित संकेतावली १९९१ मध्ये आली, युनिकोडचा देवनागरी विभाग तिच्याच आधीच्या आवृत्तीवर बेतला गेला. हे सगळं दादांना मी एकदा समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'ताई, तुमचं बरोबर आहे. पण उद्या सकाळी पाहिजेत ना?' या पुन्हा टाइप करण्यात एका पाहुण्यांच्या नावाआधीचं 'डॉ.' गळालं. आमच्या भागात वीज गेलेली चालते, 'डॉ.' गेलेलं चालत नाही. नवरा आणि मी रात्री बसून प्रत्येक पत्रिकेवर काळ्या पेनानं डॉक्टरेट बहाल करत होतो.

दीपप्रज्वलनाबद्दल एवढंच सांगते की पंखा बंद करायला जो माणूस नेमला जातो, तो त्या क्षणी फोनवर असतो.

खरा कार्यक्रम सुरू होतो भाषणांपासून. ऑक्सफर्डचे जॉन ऑस्टिन यांचं एक प्रसिद्ध पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १९६२ मध्ये आलं. त्यांचं म्हणणं असं की काही वाक्यं माहिती देत नाहीत, ती उच्चारली की तेच काम होऊन जातं. 'मी या कार्यशाळेचं उद्घाटन झाल्याचं जाहीर करतो,' असं म्हटलं की उद्घाटन होतं. वेगळं काही करावं लागत नाही. ऑस्टिनना मराठी सभेचं निमंत्रण कुणी दिलं नाही, हे त्या सिद्धांताचं नशीब. कारण 'एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो' हे वाक्य अगदी त्याच जातीचं दिसतं, आणि ते उच्चारल्यानं काहीही होत नाही. शब्द संपत नाहीत. वक्ता संपत नाही. पेल्यातलं पाणी तेवढं संपतं.

मी बरीच भाषणं या दृष्टीनं ऐकली आहेत. 'थोडक्यात सांगायचं तर' म्हणजे आत्तापर्यंत झाली ती प्रस्तावना. 'जाता जाता' म्हणजे वक्ता नुकताच आला आहे. 'शेवटचा मुद्दा' हे अनेकवचन आहे. आणि 'वेळेअभावी मी त्या विषयात जात नाही' असं ऐकलं की अनुभवी श्रोते बूट काढून बसतात, कारण वक्ता आता त्याच विषयात जाणार असतो. यंत्राला शेवट ओळखायला एक सेकंदाची शांतता पुरते. मराठी वक्ता तेवढी शांतता देतच नाही. आणि चुकून दिलीच तर ती आठवणीनं दाटून आलेली असते.

यावर आपल्याकडचा उपाय म्हणजे चिठ्ठी. पहिल्या चिठ्ठीवर लिहायचं, 'दोन मिनिटे'. वक्ता ती बघतो, मान डोलावतो आणि पाण्याच्या पेल्याखाली ठेवतो. दुसऱ्या चिठ्ठीवर, 'वेळ संपली'. एका निवृत्त प्राध्यापकांनी ही दुसरी चिठ्ठी चष्मा लावून माइकवर वाचून दाखवली. 'संयोजिकाबाईंची चिठ्ठी आली आहे. त्या म्हणतात, वेळ संपली. यावरून मला एक प्रसंग आठवतो.' प्रसंग १९७१ सालातला होता आणि क्रमानं पुढे सरकत होता. डेक्कन कॉलेजातल्या त्या कोटभर चिठ्ठ्यांत माझ्या दोन मिसळल्या असत्या तर निदान संदर्भ म्हणून तरी उपयोगी पडल्या असत्या.

नोकरी आणि हौस एकत्र आली ती आवाजाच्या कार्यक्रमात. मोझिलानं २०१७ मध्ये कॉमन व्हॉइस नावाचा उपक्रम सुरू केला. पडद्यावर एक वाक्य येतं, ते तुम्ही मोठ्यानं वाचायचं. तुमचा आवाज दान. मग दुसऱ्यांनी ती ध्वनिफीत ऐकून ती वाक्याप्रमाणे आहे की नाही ते सांगायचं. असा जमलेला साठा कुणालाही फुकट वापरता येतो. मराठीही त्यात आहे. मी ठरवलं, वाचनालयात ज्येष्ठांना बोलवायचं. त्यांच्याकडे वेळ आहे, आवाज आहे आणि वाचायची सवय आहे.

यातल्या तिन्ही गोष्टी खऱ्या ठरल्या, पण एकदम नाही. एका ध्वनिफितीला काही सेकंदच मिळतात. पहिल्या काकांनी 'व्यासपीठावरील मान्यवर आणि उपस्थित बंधुभगिनींनो' म्हणेपर्यंत ती संपली. दुसऱ्या काकूंना पडद्यावर 'त्यांनी घर विकले' असं वाक्य आलं. त्यांनी वाचलं नाही. 'का विकलं?' असं मला विचारलं. मला माहीत नव्हतं. हे कळल्याशिवाय वाक्याला योग्य भाव देता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. त्यांनी पूर्वी नाटकात कामं केली होती. तिसऱ्या गृहस्थांनी सगळी वाक्यं खणखणीत वाचली, फक्त प्रत्येक वाक्यानंतर त्याच दमात 'बरोबर आहे' किंवा 'हे काही खरं नाही' असा शेराही दिला.

मग तपासणीचा गट बसला. इथे खरी गंमत झाली. नियम असा की उच्चाराची ढब कोणतीही चालेल, शब्द तेच हवेत. पण गटात एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी कानाला हेडफोन लावले आणि पहिल्या तासात महाराष्ट्रातले बरेच जिल्हे नापास केले. अनुनासिक दिसलं की कोकण गेलं. 'न' आणि 'ण' यांची गल्लत झाली की देशावरचा मोठा भाग गेला. मी त्यांना समजावलं, 'बाई, यंत्राला उद्या याच लोकांचं बोलणं कळायला हवं ना? त्यांना नापास केलं तर यंत्र फक्त तुमचंच ऐकेल.' बाई म्हणाल्या, 'ऐकू दे की. कोणीतरी ऐकायला हवंच.'

तेवढ्यात अमरावतीकडच्या एका आजोबांची ध्वनिफीत आली. पडद्यावर होतं 'डोळा'. त्यांनी वाचलं 'डोया'. वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होतोच. आता ही ढब म्हणायची, की शब्द बदलला म्हणायचं? ऑफिसात अशा प्रश्नावर मी नियमावलीत एक नवा परिच्छेद घातला असता आणि दोन आठवडे ईमेल चालले असते. इथे बाईंनी आजोबांनाच बोलावून घेतलं. ते शेजारच्याच खोलीत चहा घेत होते. 'तुम्ही काय म्हणालात?' 'डोया.' 'आणि लिहिलंय काय?' आजोबांनी पडद्याकडे पाहिलं. 'डोया,' ते म्हणाले. बाईंनी चष्मा काढला, पुसला, आणि नाइलाजानं हिरवं बटण दाबलं. माझ्या सगळ्या कारकिर्दीत भाषाविज्ञानाचा असा विजय मी दुसरा पाहिलेला नाही.

गेल्या दोन-तीन वर्षांत मात्र सगळं फिरलं. यंत्राला एकदम वाचा फुटली. आम्ही एकेक वाक्य, एकेक लेबल लावत बसलो होतो आणि या नव्या प्रारूपांनी माणसांनी लिहून ठेवलेलं डोंगराएवढं वाचून काढलं आणि बोलायला लागली. येलिनेक असते तर त्यांनी नारळांचं पोतंच मागवलं असतं. मी टेबल आवरायला घेतलं होतं.

पण टेबल राहिलं. एकानं चाचणीत विचारलं, साबुदाणा किती वेळ भिजवायचा? यंत्रानं आधी या सुंदर प्रश्नाबद्दल त्याचं कौतुक केलं. मग महाराष्ट्राच्या खाद्यसंस्कृतीतलं साबुदाण्याचं स्थान सांगितलं. मग उपवासाचं महत्त्व, तीन मुद्द्यांत. मग म्हणालं, 'थोडक्यात सांगायचं तर,' आणि पुढे चालू लागलं. टीममधले सगळे माझ्याकडे बघत होते. मी हा आवाज ओळखत होते. याच्या पेल्याखाली मी चिठ्ठ्या ठेवल्या आहेत.

तेव्हापासून माझं नवं काम आहे यंत्राला कुठे थांबायचं ते शिकवण्याचं. टीममध्ये नांदेडचा एक हुशार मुलगा आहे. तो एक दिवस मला म्हणाला, 'मॅम, तुम्ही तुमच्या कार्यक्रमात काय करता? तिथे कसं थांबवता?' मी म्हटलं, चिठ्ठीचा उपयोग नसतो. सूत्रसंचालिका वक्त्याच्या मागे जाऊन उभी राहिली तर त्याला वाटतं सत्कार आहे. एकच गोष्ट चालते. मागच्या दारानं वड्यांचं ताट आत आणायचं. वास पसरतो, श्रोत्यांच्या माना वळतात, त्या माना बघून वक्ता भानावर येतो.

तो गंभीर झाला. 'म्हणजे श्रोत्यांचं लक्ष उडालंय, हे बोलणाऱ्याला कळायला हवं. यावर डेटा करता येईल. भाषणं रेकॉर्ड करायची आणि माना कुठे वळल्या, तिथे लेबल लावायचं.' पुढच्या रविवारी तो खरोखरच ज्येष्ठ नागरिक संघाच्या वर्धापनदिनाला रेकॉर्डर घेऊन हजर झाला आणि नीट आवाज यावा म्हणून पहिल्या रांगेत बसला. प्रास्ताविक झालं, स्वागत झालं, परिचय झाला. अध्यक्षीय भाषणातला 'जाता जाता' आला आणि त्याच्या रेकॉर्डरची बॅटरी संपली. तो खाली वाकून वायर शोधू लागला. अध्यक्षांच्या ते लक्षात आलं. बोलणं न थांबवता, माइक न सोडता, त्यांनी कोटाच्या खिशातून स्वतःची पॉवर बँक काढून त्याच्या हातात दिली.